लायसन्स म्हणजे माप: सॉफ्टवेअर घेणारा आणि देणारा यांचं कुठं बिनसतं?

ज्यांना ऐकायला सवड होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललेलंच आहे सगळं, फक्त माझं अडखळणं आणि 'म्हणजे कसं, की' थोडं कमी केलंय.

आजचा विषय दोन श्रोत्यांच्या निरोपांमधून आला. पहिले अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले. त्यांचं म्हणणं, "मालक, मी माग घेतला तर तो माझा. वीस वर्षं चालवीन नाहीतर भंगारात घालीन. सॉफ्टवेअरला एकदा पैसे मोजले तरी दरवर्षी माणूस दारात येतो. हे कुठलं गणित?" दुसरा निरोप एका तरुण मुलाचा. तो स्वतः बिलिंगचं सॉफ्टवेअर तयार करतो. "सर, एका दुकानाला दिलं होतं. आता त्यांच्या तिन्ही दुकानांत चालतंय. पैसे मात्र एकाचेच आलेत."

आता गंमत बघा. दोघंही प्रामाणिक आहेत. टॉवेलवाल्यांना वाटतं आपण वस्तू घेतली. या मुलाला वाटतं आपण परवानगी दिली. व्यवहाराच्या दिवशी दोघांनी एकच रक्कम लिहिली, पण ती कशाबद्दल हे कुणीच लिहिलं नाही. सॉफ्टवेअर लायसन्सची निम्मी भांडणं इथंच सुरू होतात. तर आज हेच सोडवून बघू.

पैसे देऊन तुमच्याकडे नेमकं येतं काय?

आपल्याकडे सॉफ्टवेअरला संरक्षण मिळतं ते प्रामुख्यानं कॉपीराइट कायदा, १९५७ मधून. या कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम 'साहित्यकृती' या व्याख्येत बसवलाय. म्हणजे कवितासंग्रह आणि तुमचं स्टॉकचं सॉफ्टवेअर, कायद्याच्या लेखी एकाच कप्प्यात! ऐकायला विचित्र वाटतं, पण सोलापूरकराला वाटू नये. जॅकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमधून नक्षी विणली जाते. कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही, हे त्या पुठ्ठ्यांवर लिहिलेलंच असतं की. प्रोग्रॅम म्हणजे तसंच लिहिलेलं काम.

मग पुस्तक आणि सॉफ्टवेअर यांत फरक काय? पुस्तक घेतलं की ते वाचायला त्याची नक्कल काढावी लागत नाही. सॉफ्टवेअर मात्र चालवायचं तर आधी ते संगणकात उतरवावं लागतं. म्हणजे वापरण्यातच नक्कल आली. आणि नक्कल करण्याचा हक्क असतो मूळ मालकाचा. म्हणून वापरायलाही त्याची परवानगी लागते. ती परवानगी म्हणजे लायसन्स.

यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला २००४ चा, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य. बाजारात मिळणारं तयार सॉफ्टवेअर हे विक्रीकरासाठी 'माल' आहे असं त्यात ठरलं. दुसरा २ मार्च २०२१ चा, इंजिनिअरिंग ॲनालिसिस या कंपनीच्या प्रकरणातला. परदेशी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर वापरायला घेतलं तर दिलेले पैसे रॉयल्टी नव्हेत, कारण कॉपीराइटमधला कुठलाच हक्क वापरणाऱ्याकडे जात नाही, असं न्यायालयानं सांगितलं. दोन्ही करांची प्रकरणं, पण आपल्याला त्यातून चित्र स्पष्ट होतं. प्रत तुमच्याकडे येते, कॉपीराइट येत नाही. आणि त्या प्रतीचं काय काय करायचं, हे लायसन्स ठरवतं.

भाव विचारताना 'कशावर?' हेही विचारा

सोलापूरच्या बाजारात माप कुणाला शिकवावं लागत नाही. चादर नगावर, सूत किलोवर, टॉवेल कुणी डझनावर देतो तर कुणी वजनावर. भाव ऐकला की आपण लगेच विचारतो, "कशावर?" सॉफ्टवेअर घेताना मात्र आपण नुसतं "कितीला?" विचारतो. लायसन्सचे जे प्रकार आहेत ती खरं तर वेगवेगळी मापं आहेत. पाच मुख्य बघू.

पहिलं माप यंत्रावर. नव्या लॅपटॉपबरोबर जे विंडोज येतं ते सहसा त्या यंत्रालाच बांधलेलं असतं. लॅपटॉप गेला की लायसन्सही गेलं. ते काढून दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

दुसरं माप माणसावर. इथं नाव नोंदवलेला माणूसच वापरू शकतो. आता आपल्याकडे कारखाने पाळीत चालतात. दिवसपाळीचा डिझायनर आणि रातपाळीचा डिझायनर एकाच संगणकावर, एकाच लॉगिननं बसतात. मालकाच्या मते संगणक एक, म्हणजे लायसन्स एक. कंपनीच्या मते माणसं दोन, म्हणजे लायसन्स दोन. ऑटोकॅड करणाऱ्या ऑटोडेस्कनं २०२० पासून ग्राहकांना याच नावनिशीवार पद्धतीकडे वळवलं.

तिसरं माप, एकाच वेळी किती जण. टॅलीचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. सिल्व्हर हे एका संगणकापुरतं, तर गोल्ड घेतलं तर एकाच नेटवर्कवरचे अनेक जण एका वेळी काम करू शकतात.

चौथं माप काळावर. महिना किंवा वर्ष. मे २०१३ मध्ये ॲडोबीनं जाहीर केलं की फोटोशॉप वगैरेच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणीवर मिळतील. तिथून ही पद्धत सगळीकडे पसरत गेली.

पाचवं माप कामावर, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्ट ऑफिसची 'होम अँड स्टुडंट २०२१' ही आवृत्ती. ती अस्सल आहे, पैसे भरलेले आहेत, पण अटींनुसार धंद्याच्या कामाला चालत नाही. दुकानाचं कोटेशन तिच्यात टाईप केलं की नियम मोडला. तीच गोष्ट विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मोफत आवृत्त्यांची. मुलाच्या कॉलेजच्या लॉगिनवर कारखान्याचा नकाशा काढला तर ते विनापरवाना वापरण्यातच जमा.

घेणाऱ्याचं दुखणं

आता टॉवेलवाल्यांच्या प्रश्नाकडे येऊ. दरवर्षी पैसे कशाचे?

टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक म्हणजे कायमचं लायसन्स. ते एकदा घेतलं की सॉफ्टवेअर चालत राहतं. दुसरी म्हणजे वार्षिक सेवा, टॅलीच्या भाषेत टीएसएस. तिच्यातून नव्या आवृत्त्या आणि इंटरनेटवरच्या सुविधा मिळतात. तिचं नूतनीकरण केलं नाही तर तुमचं टॅली बंद पडत नाही, पण त्यानंतर आलेली आवृत्ती मिळत नाही. म्हणजे दारात येणारा माणूस मागाचे पैसे पुन्हा मागत नाही, तो देखभालीचे मागतोय. पण हा फरक बिलावर आणि तोंडी, दोन्हीकडे नीट सांगितला जात नाही, म्हणून चीड येते.

"मग देखभाल नकोच मला," असं म्हणता येईल का? इथं खरी ग्यानबाची मेख आहे. सॉफ्टवेअर कायमचं असलं तरी कायदा कायमचा नसतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जुनी बिलिंगची सॉफ्टवेअर एका रात्रीत अपुरी पडली. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून जास्त उलाढाल असणाऱ्यांना, धंद्याधंद्यातल्या व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना असं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. संगणक सुरू होतो, पण सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद.

म्हणून एकरकमी आणि भाडं यांची तुलना करताना साधा हिशेब करा. समजा एक सॉफ्टवेअर एकरकमी ३६,००० रुपयांना आहे आणि तेच भाड्यानं महिना १,००० रुपयांना. वरवर पाहता तीन वर्षांत बरोबरी. पण एकरकमीवर वर्षाला ६,००० रुपये देखभाल असेल आणि ती दुसऱ्या वर्षापासून भरली, तर तीन वर्षांचे होतात ४८,०००. भाड्याचे ३६,०००. सहाव्या वर्षाअखेर एकरकमीचे ६६,००० आणि भाड्याचे ७२,०००. म्हणजे पाच वर्षं एकत्र राहणार असाल तर दोन्ही ६०,००० वर सारखे येतात. त्याआधी सोडणार असाल तर भाडं स्वस्त, त्याच्या पुढं टिकणार असाल तर खरेदी. आकडे मी समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

दुसरं दुखणं माहिती अडकण्याचं. छापखानेवाल्यांना विचारा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी मराठी छपाईत घराघरांत पोचलं. मराठी टाईप करणं त्यानं सोपं केलं, हे मान्यच करायला हवं. पण युनिकोड रुळण्याआधीच्या त्या फॉण्टमध्ये केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांचं भलतंच काहीतरी दिसतं. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल त्या साच्यात आहेत. तिथं सॉफ्टवेअर बदलायचं तर खर्च नव्या लायसन्सचा कमी आणि जुनं काम सोडवून घेण्याचा जास्त. हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही हेच लागू. म्हणून घेण्याआधी विचारायचं, "मी उद्या सोडलं तर माझा डेटा एक्सेलमध्ये निघेल का?"

क्रॅक टाकून दे की ओ!

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. फ्लेक्सच्या दुकानात ऐकलंय, डीटीपीच्या दुकानात ऐकलंय. तर कायदा काय म्हणतो ते एकदा सरळ सांगतो.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार प्रोग्रॅमची बेकायदा प्रत माहीत असूनही वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी वापर नसेल तर कैद न देता ५०,००० पर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे. धंदेवाल्याला ती मुभा नाही. कलम ६५अ नुसार हक्क डावलण्याच्या हेतूनं सॉफ्टवेअरचं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय दिवाणी दावा वेगळा. दिल्ली उच्च न्यायालय अशा दाव्यांत कमिशनर नेमतं आणि ते कार्यालयात येऊन संगणक तपासतात.

पण मला पोलिसांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. क्रॅकच्या फायलीतून खंडणीखोर व्हायरस पसरतात. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावानं ओळखला जाणारा प्रकार प्रामुख्यानं असाच पसरला. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद आणि किल्लीसाठी पैशांची मागणी. वाचवलेले पाच-दहा हजार एका सकाळी वसूल होतात.

आणि मंडळी, एक गोष्ट आपल्या शहरानं तरी विसरू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेर विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा आपला जीव तुटतो, कारण नक्षी आणि नाव यांच्यामागं कुणाच्यातरी पिढ्या गेलेल्या असतात. तीच चादर ज्या सॉफ्टवेअरवर आखली ते चोरीचं असेल, तर आपली तक्रार कुठल्या तोंडानं करायची?

एक दिलासाही सांगतो. कायदेशीर प्रत तुमच्याकडे असेल तर ती हरवू नये, बिघडू नये म्हणून बॅकअपची प्रत काढून ठेवायला कलम ५२ परवानगी देतं. पाचशे रुपयांत 'ओरिजिनल की' विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. अनेकदा ती कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या घाऊक लायसन्समधून फुटलेली असते आणि कधीही बंद होते.

देणाऱ्याचंही ऐका

आता त्या तरुण मित्राकडे वळू. त्याचं सॉफ्टवेअर तीन दुकानांत चालतंय. चूक दुकानदाराची म्हणावी, तर बिलावर फक्त 'बिलिंग सॉफ्टवेअर, १ नग' एवढंच लिहिलं होतं. एक दुकान, एक संगणक की एक मालक? माप लिहिलंच नाही.

छोट्या डेव्हलपरची कोंडी खरी आहे. कडक कुलूप घालावं, डोंगल द्यावं, तर ते हरवतं, बिघडतं आणि रात्री दहाला फोन येतो. इंटरनेटवरून तपासणी ठेवावी, तर नेट गेल्यावर बिलिंग थांबतं आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. काहीच ठेवू नये, तर प्रत मेहुण्याच्या दुकानात पोचते. मला विचाराल तर कुलूप हलकं ठेवावं आणि कारण भक्कम ठेवावं. जीएसटीचे बदल, फोनवरची मदत, बॅकअप ही सेवा फक्त नोंदलेल्या गिऱ्हाईकाला. फुकट प्रत चालेल, पण एकटी पडेल.

आणि एक गोष्ट करू नका. पैसे थकले म्हणून गिऱ्हाईकाचा डेटाच कुलूपबंद करायचा प्रकार काही जण करतात. नवीन नोंदी थांबवा, पण जुनं बघायला आणि काढून घ्यायला मोकळं ठेवा. सॉफ्टवेअर तुमचं असलं तरी हिशेब त्याचा आहे. अधिकृत माणसाला संगणकातल्या माहितीपासून अडवणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ पर्यंत जाऊ शकतं.

खास ऑर्डरप्रमाणे सॉफ्टवेअर करून दिलं तर त्याचा मालक कोण? बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं, पैसे मी दिले म्हणजे मीच. कायदा तसं म्हणत नाही. पगारी नोकरानं नोकरीत केलेलं काम मालकाचं, पण बाहेरच्या स्वतंत्र डेव्हलपरनं केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, त्याचंच राहतं. ते गिऱ्हाइकाच्या नावे करायचं तर लेखी आणि सही केलेलं हस्तांतर लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर कलम १९ नुसार ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. कलम ३०अ मुळे हाच नियम आवश्यक फेरफारांसह परवान्यालाही लागतो. म्हणजे 'कायमचं दिलं' असं तोंडी म्हटलेलं कागदावर पाच वर्षांचंच ठरू शकतं! दोघांनीही हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखं आहे.

डेव्हलपर मित्रांसाठी आणखी दोन गोष्टी. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. एका कामाची सरकारी फी ५०० रुपये आहे आणि सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात. दुसरी गोष्ट थकबाकीची. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आयकर कायद्यातल्या तरतुदीमुळे १ एप्रिल २०२४ पासून, या मुदतीत न दिलेली रक्कम गिऱ्हाइकाला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे नम्रपणे बिलाखाली छापा. फरक पडतो.

तिसरी वाट: मुक्त सॉफ्टवेअर

लायसन्सचा खर्च झेपत नसेल तर क्रॅकऐवजी मुक्त सॉफ्टवेअर बघा. पत्रव्यवहाराला लिब्रेऑफिस, चित्रकामाला इंकस्केप, फोटोला गिंप. धंद्यात वापरायलाही कायदेशीर. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीनं केलेलं ईआरपीनेक्स्ट कारखान्याचा स्टॉक, खरेदी, हिशेब सांभाळतं आणि ते जीपीएल या मुक्त परवान्यावर आहे. कंपनी पैसे मिळवते ते होस्टिंग आणि मदतीतून. छापखानेवाल्यांसाठी मुंबईच्याच एक टाईपचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉण्ट खुल्या परवान्यावर आहेत. पत्रिकेत, फ्लेक्सवर, कुठंही वापरा.

पण मुक्त म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. बसवणं, शिकवणं, अडल्यावर धावून येणं, याला माणूस लागतो आणि माणसाला पैसे लागतात. इथं सोलापूरच्या डेव्हलपरना खरं तर संधी आहे. लायसन्स न विकता हात विका.

सही करण्याआधी एक पान

मोठा करार नको. एका पानावर, मराठीत, सहा ओळी पुरतात.

१. माप काय? यंत्र, माणूस, दुकान की एकाच वेळी वापरणारे?
२. मुदत किती आणि कुठल्या प्रदेशासाठी?
३. वार्षिक रकमेत काय येतं, आणि ती भरली नाही तर काय थांबतं?
४. कायदा बदलला तर नवी आवृत्ती कुणाच्या खर्चानं?
५. सोडताना डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत मिळेल?
६. डेव्हलपरनं धंदा बंद केला तर सोर्स कोडचं काय? तिसऱ्या कुणाकडे ठेव म्हणून राहील का?

घेणाऱ्यानं आणखी एक वही ठेवावी. कुठल्या संगणकावर कुठलं सॉफ्टवेअर, बिल नंबर, नूतनीकरणाची तारीख. वर्षातून एकदा, दिवाळीच्या चोपड्यांबरोबर ती तपासली तरी पुष्कळ. वाद मोठा असेल, रक्कम मोठी असेल, तर वकिलांचा सल्ला घ्याच. मी दिशा दाखवतोय, निकाल देत नाही.

तर आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या दुकानात, कारखान्यात लायसन्सवरून काय अडचण झाली, कुठल्या मापानं तुम्ही व्यवहार केला, ते जरूर कळवा. निवडक निरोप पुढं कधीतरी आपण भागात घेऊ. तोवर भाव विचारताना 'कशावर?' हे विचारायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!